एन्नोर : नकाशातून पुसलेली खाडी

चेन्नईत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या आपल्या मराठी मंडळींना समुद्र म्हटला की मरीना आठवते. शहराच्या उत्तर टोकावरचे एन्नोर सहसा आठवत नाही आणि आठवलेच तर चिमण्या, राख व उग्र वास यांच्यासकट. या गावाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘विकासाची किंमत मोजावीच लागते’ हे एक, आणि ‘समुद्रापुढे कोणाचे चालते?’ हे दुसरे. शासकीय सेवेत उमेदीची सारी वर्षे घालवल्यानंतर मला ही दोन्ही वाक्ये म्हणजे जबाबदारी टाळण्याच्या पळवाटा वाटतात. एन्नोरचा ऱ्हास घडला तो फायलींवर, आणि त्या फायली आमच्यासारख्यांच्याच टेबलांवरून पुढे गेल्या.

कोसस्थलैयार नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे हे गाव वसले. खाडीत मासळी, काठावर मिठागरे, आणि आपल्या कोळीवाड्यांसारखी ‘कुप्पम’ नावाची कोळ्यांची वस्ती. त्यांपैकी एका वस्तीचे नाव मुगत्तुवारकुप्पम, म्हणजे मुखद्वारावरचा कोळीवाडा! कंपनी सरकारच्या काळात मद्रासचे इंग्रज साहेब हवापालटासाठी येथे येत. १८०६ साली बॅसिल कॉक्रेनने मद्रासपासून एन्नोरपर्यंत कालवा खणवला. तोच पुढे वाढत जाऊन १८७८ मध्ये बकिंगहॅम कालवा म्हणून ओळखला जाऊ लागला. एकेकाळी नावेत बसून हवा खायला जाण्याचे हे ठिकाण होते, हे आज सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही.

पहिला घाव बंदराचा. १८७० च्या दशकात मद्रास बंदराचे बांधकाम सुरू झाले. या किनाऱ्यावर वाळू प्रामुख्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. बंदराच्या भिंतींनी ती अडवली. दक्षिणेला वाळू साठत गेली, मरीना रुंदावली आणि १८८४ साली गव्हर्नर ग्रँट डफ यांनी तिला ते डौलदार नाव दिले. उत्तरेचा किनारा मात्र वाळूअभावी खचू लागला. म्हणजे ज्या वाळूवर आपण संध्याकाळी सुंडल खात फिरतो, ती रोयापुरम ते एन्नोर या पट्ट्यातील वस्त्यांच्या वाट्याची आहे. याला समुद्राचा कोप कसे म्हणावे?

दुसरा घाव अधिक खोल. तो एका शब्दाचा आहे. तमिळनाडूच्या महसुली दप्तरात ‘पोरंबोके’ हा शब्द आहे. ज्या जमिनीवर आकारणी नाही, जी कोणा एकाच्या मालकीची नाही, ती पोरंबोके. नदीपात्र, तलाव, गायरान, खाडी हे सारे त्यातच मोडते. सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’ ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना हा प्रकार लगेच कळेल. मूळ अर्थ होता सर्वांसाठी राखलेली जमीन. परंतु जिच्यातून सारा येत नाही ती निरुपयोगी, ही वसाहतकालीन दृष्टी आमच्या दप्तरात मुरली आणि बोलभाषेत तर ‘पोरंबोके’ ही शिवीच होऊन बसली. शेतकऱ्याची जमीन घ्यायची तर अधिसूचना, हरकती, मोबदला हे सोपस्कार येतात. खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या कोळ्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसल्याने त्याची खाडी घेताना यांपैकी काहीच लागत नाही.

मग एकेक प्रकल्प येत गेला. १९७० च्या सुमारास औष्णिक वीजकेंद्र, १९९० च्या दशकात दुसरे, २००१ मध्ये नवे बंदर. किनारपट्टी नियमन अधिसूचना १९९१ सालचीच आहे. केंद्राने १९९६ मध्ये मान्य केलेल्या नकाशात ही खाडी संरक्षित क्षेत्र म्हणून स्पष्ट दाखवलेली आहे. परंतु पुढे वापरात आलेल्या नकाशात खाडीचा मोठा भागच नव्हता, हे नागरिकांनी माहिती अधिकारात मिळवलेल्या कागदांवरून २०१७ मध्ये उघडकीस आणले. पाणी जागेवर, खारफुटी जागेवर, फक्त नकाशावरून खाडी गायब! प्रशासनात याहून गंभीर गोष्ट कोणती असू शकते?

परिणाम सर्वांसमोर आहेत. वीजकेंद्राची राख फुटक्या नळांतून खाडीत उतरली. एका वृद्ध मच्छिमाराने मला सांगितले, “साहेब, पूर्वी आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातांनी कोळंबी चाचपून धरत असू. आता हाताला राख लागते.” जानेवारी २०१७ मध्ये बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले आणि ते काढायला माणसे बादल्या घेऊन उतरली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुराबरोबर मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल खाडीत आले. त्याच महिन्यात समुद्राखालील नळातून अमोनिया गळला आणि लोकांना मध्यरात्री घरे सोडून पळावे लागले.

‘मग वीज नको का? बंदर नको का?’ असा प्रश्न विचारला जाईल. दोन्ही हवीत. परंतु राखेच्या वापराविषयीची अधिसूचना १९९९ पासून अस्तित्वात आहे. ती पाळल्याने वीज कमी होत नाही. शिवाय पूंडी जलाशयाखालचे पुराचे पाणी याच खाडीतून समुद्राला मिळते. मुखद्वार बुजवले तर पाणी उत्तर चेन्नईच्या घरांतच शिरणार. तेव्हा हा केवळ कोळ्यांचा प्रश्न आहे, असे समजण्याचे कारण नाही.

समन्वयाचा अभाव हा आमचा आवडता खुलासा. महसूल, बंदर, वीज, मत्स्यव्यवसाय, प्रदूषण नियंत्रण ही सारी खाती आपापल्या चौकटीत बरोबर असतात आणि खाडी मात्र मरते. मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. सामायिक जमीन व जल यांच्या दप्तरात वहिवाटदारांची, म्हणजे मच्छिमार वस्त्यांची, नोंद व्हावी. नोंद नाही म्हणून हक्क नाही, हा न्याय नव्हे.

२. १९९६ चा मान्य नकाशा हाच आधार मानावा. त्यात बदल करणाऱ्या प्रत्येक टिप्पणीखाली अधिकाऱ्याचे नाव असावे आणि ती जाहीर व्हावी.

३. खाडीसाठी एकच उत्तरदायी अधिकारी असावा. पाच खात्यांची समिती म्हणजे कोणीच नाही, हे आम्ही आतले लोक चांगलेच जाणतो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्या आदेशाचा बडगा बहुधा झोपड्यांवरच उगारला जातो. सरकारी उपक्रमाने खाडी भरली तर तिला अतिक्रमण म्हणण्याचे धैर्य आमच्यात नसते.

मुंबईच्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे घोंगडे किती वर्षे भिजत पडले, हे आपण जाणतोच. म्हणून एन्नोर परक्या प्रांतातले, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. पुढच्या रविवारी मरीनाऐवजी एकदा गुम्मिडिपूंडीच्या लोकलने एन्नोरला उतरून खाडी पाहावी. ती नकाशात नसली तरी अजून जागेवर आहे.