पाण्याची उलाढाल



गेल्या लग्नसराईत सांगलीस बहिणीकडे जाण्याचा योग आला. तिचा मुलगा सराफी पेढीसाठी दागिन्यांचे त्रिमिती आराखडे संगणकावर तयार करतो. दागिना घडण्यापूर्वीच ग्राहकाला तो पडद्यावर पाहता येतो, त्यामुळे पेढीच्या बऱ्याच मागण्या त्या एका संगणकावर अवलंबून असतात. ऐन हंगामात तोच संगणक दुपारच्या वेळी तापून आपोआप बंद पडू लागला. त्यात उष्णता काढण्यासाठी पाणी खेळविण्याची सोय होती.

"मामा, दुकानदार म्हणतो की पंप कमी पडतोय, दुप्पट ताकदीचा बसवा," भाचा म्हणाला.

"पैसे मोजण्यापूर्वी हिशेब तर करून पाहू," असे मी सुचविले. तोच हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

या व्यवस्थेत प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा बसविलेला असतो. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक चरा असतात. त्यांतून वाहताना पाणी उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये जाऊन ती पंख्यांच्या वाऱ्याला देते आणि पंपाच्या बळावर पुन्हा ठोकळ्याकडे येते.

समजा, उष्णता ३०० वॅट आहे. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल, तर ठोकळ्यातून बाहेर पडताना ते सुमारे ४.३ अंशांनी तापलेले असते. प्रवाह २ लिटर केला तर ही वाढ २.१ अंशांवर येते आणि ४ लिटर केला तर १ अंशावर. पहिल्या दुपटीने दोन अंश वाचले, दुसरीने जेमतेम एक. वेगवान पाणी धातूची उष्णता अधिक सहजतेने उचलते हे खरे, परंतु तो लाभही असाच घटत जातो.

याउलट, 'पाणी हळू फिरले तर त्याला उष्णता घ्यायला अधिक वेळ मिळतो', असाही एक समज आहे. व्यापाऱ्याला यातील चूक चटकन उमगेल. वर्षात मालाच्या फेऱ्या कमी झाल्या तर प्रत्येक फेरीत अधिक मिळकत व्हावी लागते, फेऱ्या वाढल्या तर थोडक्या मिळकतीतही भागते. पाण्याचेही तसेच आहे. प्रोसेसर जेवढी उष्णता निर्माण करतो तेवढीच पाण्याला वाहून न्यावी लागते. संथ पाण्याची प्रत्येक फेरी अधिक तापते, आणि त्याबरोबर प्रोसेसरही.

आता पंपाकडे वळू. या कामी डी-५ आणि डीडीसी या दोन जातींचे पंप विशेष प्रचलित आहेत. डी-५ चा आवाज कमी असून प्रवाह मोठा असतो. डीडीसी आकाराने लहान, पण दाब देण्यात जोरकस असतो. मात्र तो स्वतः अधिक तापत असल्याने त्याला हवा मिळावी लागते. पंपाच्या खोक्यावर तासाला हजार-दीड हजार लिटर आणि चार-पाच मीटर उंची असे आकडे छापलेले असतात. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पहिला आकडा वाट पूर्ण मोकळी असतानाचा, तर दुसरा वाट पूर्ण बंद असतानाचा. प्रत्यक्षात ठोकळे, रेडिएटर आणि वळणे यांच्या अडथळ्यामुळे प्रवाह छापील आकड्याच्या लहानशा अंशावर येतो. शिवाय त्याच वाटेने दुप्पट पाणी न्यायचे, तर दाब जवळजवळ चौपट लागतो. पंप घेत असलेल्या विजेचीही शेवटी उष्णताच होते आणि तिचा मोठा भाग त्याच पाण्यात मिसळतो.

भाच्याचा पंप पूर्ण वेगाने चालविला, तरी टाकीत परतणारी धार बारीकच होती. म्हणजे पंप राबत होता, वाट अडली होती. ठोकळा उघडला, तेव्हा त्या बारीक चरा पांढुरक्या चिकट थराने भरलेल्या दिसल्या. मऊ प्लास्टिकच्या नळ्यांतील द्रव्य कालांतराने पाण्यात झिरपते आणि अशा ठिकाणी साचते. मोठ्या पंपाने काही दिवस निभावले असते, पण थर वाढतच राहिला असता.

मऊ ब्रश व ऊर्ध्वपातित पाण्याने ठोकळा स्वच्छ केला, रबरी नळ्या लावल्या आणि रेडिएटरवरील धूळ झटकली. जुन्याच पंपाने धार जाड झाली आणि संगणकाचे बंद पडणे थांबले. पुढे पंपाचा वेग बराच उतरवून पाहिला, तरी तापमान एखाददुसऱ्या अंशानेच चढले.

एक मर्यादा मात्र ध्यानी असावी. खोलीत ३८ अंशांची हवा असेल, तर रेडिएटरमधील पाणी त्याखाली थंड होऊ शकत नाही. अशा वेळी मोठा रेडिएटर, चांगले पंखे किंवा खोलीतील गारवा उपयोगी पडतो. पंप बदलून काही साधत नाही.

ज्यांच्या घरी वा पेढीवर असा संगणक असेल, त्यांनी पंप टाकीच्या खालच्या पातळीवर ठेवावा व कोरडा कधीही चालवू नये, कारण त्याच्या फिरत्या भागाला वंगण पाण्याचेच असते. वेग कळविणारी पंपाची तार मदरबोर्डला जोडून घ्यावी, म्हणजे पंप थांबताच सूचना मिळते. भाच्याने ती तार आजवर जोडलीच नव्हती. त्या संध्याकाळी सर्वांत आधी ते काम त्याने उरकले.