यंदाच्या यादीतून थोडक्यात हुकलेले चार गेम



डिसेंबर आला की आमच्या घरात वर्षभर खेळलेल्या गेमची यादी लागते. गेम याच वर्षी बाजारात आलेला असावा अशी अट नाही, आमच्याकडे यंदा शेवटपर्यंत खेळला गेला असला म्हणजे झालं. नवरा, मी, तेरा वर्षांची लेक आणि दहा वर्षांचा मुलगा, असे चौघं प्रत्येकी दहापैकी गुण देतो. सासूबाई ऑगस्टपासून इथे आहेत, पण त्यांचे गुण बेरजेत धरायचे नाहीत, नुसते लिहून ठेवायचे. व्हिसा सहाच महिन्यांचा आहे ना, असं नातवाने जाहीर केलं.

पहिले पाच सांगून टाकते: स्प्लिट फिक्शन, अ‍ॅस्ट्रो बॉट, ब्लू प्रिन्स, अनपॅकिंग आणि ओव्हरकुक्ड. पाचही छान आहेत आणि त्यांच्याबद्दल कौतुकाचं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते सहाव्या ते नवव्या नंबरबद्दल. ओव्हरकुक्ड ३१ गुणांवर आत आला, कारण सगळ्यांनीच त्याला सात-आठ दिले. कुणाला फार आवडला नाही, कुणाला खटकलाही नाही. हुकलेल्या चौघांचं मात्र उलट आहे. प्रत्येकाला घरातल्या कुणीतरी एकाने दहापैकी दहा दिलेत आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला खाली ओढलंय.

बॅलॅट्रो, ३० गुण. मुलाचे दहा. हा पत्त्यांचा गेम, २०२४ चा. लोकलथंक या टोपणनावाने वावरणाऱ्या एका कॅनेडियन माणसाने बनवलेला. बावन्न पत्ते, पोकरमधले डाव, आणि सोबत दीडशे वेगवेगळे जोकर. प्रत्येक जोकर नियम थोडा वाकवतो. चिप्स गुणिले मल्ट असा हिशेब असतो आणि प्रत्येक फेरीला ठरलेला आकडा गाठायचा. खरे पैसे कुठेच लावायचे नसतात.

दिवाळीत मुलगा टीव्हीवर हा खेळत होता आणि सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, “अरे, हा तर कलर आहे. ते किल्वर टाक ना बाहेर, बदाम धरून ठेव.” इंग्रजीत ज्याला फ्लश म्हणतात तो तीन पत्तीतला कलर, हे त्याला कुठून माहीत असणार! त्यानंतर आठवडाभर दोघांची जोडी जमली. आता तो किल्वर, इस्पिक, बदाम, चौकट असंच म्हणतो. “आजी, गुलाम ठेवू की राणी?” हे वाक्य आमच्या घरात कुणीही न शिकवता आलं. “मराठीत बोल” हे मी दिवसातून किती वेळा म्हणते ते सांगत नाही. आजीने ते एकदाही म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. युरोपात गेमना वयाचा शिक्का देणारी पेगी नावाची संस्था आहे, यूकेतही तोच शिक्का चालतो. तिने २०२४ मध्ये बॅलॅट्रोला १८ वर्षांचा शिक्का दिला, कारण त्यात पोकरचे डाव आहेत. त्याच वेळी ईए स्पोर्ट्स एफसी २५ या फुटबॉलच्या गेमला ३ चा शिक्का होता. त्यात खेळाडूंची बंद पाकिटं खऱ्या पैशांनी विकत घेता येतात आणि आत कोण निघेल ते नशिबावर. जुगार यातला कुठला, तुम्हीच ठरवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपिलानंतर बॅलॅट्रोचा शिक्का १२ वर आला. आमचा दहाचाच आहे, त्यामुळे तो एकटा खेळत नाही, कुणीतरी मोठं शेजारी असतं. आकडा मी बघते, पण नुसता आकडा बघून गेम घेतही नाही आणि नाकारतही नाही.

नवऱ्याने याला सहा दिले. त्याच्या मते रात्री अकरानंतर “अजून एकच डाव” म्हणायला लावणाऱ्या कुठल्याही गोष्टीला सहाच मिळणार. रास्त आहे.

चँट्स ऑफ सेनार, २९ गुण. लेकीचे दहा. २०२३ चा, फ्रान्समधल्या रनडिस्क या छोट्या कंपनीचा. एक उंच मनोरा आहे, त्याच्या प्रत्येक मजल्यावर वेगळे लोक राहतात आणि त्यांची भाषा आपल्याला अजिबात येत नाही. पाट्या बघायच्या, लोकांचे हातवारे बघायचे आणि कुठल्या खुणेचा काय अर्थ असेल याचे अंदाज वहीत लिहायचे. चित्रांसमोर सगळ्या खुणा बरोबर बसल्या की तेवढे शब्द पक्के होतात. पहिल्या भाषेत अनेकवचन करायला तीच खूण दोनदा काढतात. लेकीला हे सापडलं तेव्हा ती सोफ्यावरून उठून उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींना घेऊन सुपरमार्केटमध्ये गेलो. त्या एका पाकिटावरचं चित्र बघत, मग किंमत बघत, मग पुन्हा चित्र बघत उभ्या होत्या. लेक मला हळूच म्हणाली, “आई, आजी इथे रोज सेनार खेळते.” एरवी असल्या वेळी ती चार पावलं लांब उभी राहते. त्या दिवशी जवळ जाऊन तिने ते पाकीट वाचून दाखवलं, मोडक्या मराठीत.

मुलाने चार दिले. मध्ये पहारेकऱ्यांची नजर चुकवून पुढे सरकायचे भाग आहेत, पकडलं गेलं की पुन्हा पहिल्यापासून. भाषेच्या गेममध्ये हे कशाला घातलंय, असं त्याचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं.

आता व्हेन्बा. ३० गुण. दहा माझे. हाही २०२३ चा, टोरांटोच्या विसाई गेम्सचा, २०२४ मध्ये पहिल्या गेमसाठीचं बाफ्टा मिळालेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीला कॅनडात गेलेलं एक तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा, आणि आईकडून आलेली पाककृतींची वही, जिची काही पानं खराब झालेली आहेत. पुसलेल्या पायऱ्या आपण ओळखायच्या आणि पदार्थ करायचा. पदार्थांच्या मध्ये वर्षं सरकत जातात, मुलगा मोठा होतो आणि तमिळपासून लांब जातो. पुढचं सांगत नाही.

इडली करताना इडलीपात्रातली ताटं कशी रचायची हे एक कोडं आहे. मुलं अडली. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “भांडं आणून दाखवू का?” आणि आणलंच. त्यांनी जन्मात कधी कंट्रोलर हातात धरला नाही, पण त्या पाच मिनिटांत घरातल्या सगळ्यात हुशार खेळाडू त्याच होत्या.

लेकीने मात्र चार दिले. अर्ध्यावर थांबून तिने मला विचारलं, “तू हा मुद्दाम आणलास ना?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “सगळा वेळ आईलाच वाईट वाटतंय. मुलाला काय वाटतं ते कुणी विचारतच नाही.” माझ्या मते हे खरं नाही, गेममध्ये मुलाची बाजूही आहे आणि चांगली आहे. पण त्यावरून आमचं जे भांडण झालं ते पाऊण तास चाललं. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. मी शाळेच्या गेटवर मराठीत हाक मारते ते तिला आवडत नाही हे त्यात पहिल्यांदा कळलं. आणि घरी मी इंग्रजीत ओरडले तर ते तिला जास्त लागतं, हेही. एका दीड तासाच्या गेमने हे बाहेर काढलं. चार तर चार.

आपल्यापैकी बरेच जण “मराठी शिकवणारं काही आहे का?” असं विचारत असतात. रविवारची मराठी शाळा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण माझं मत असं झालंय की मूल भाषा तिथे बोलतं जिथे समोरच्या माणसाला त्याला हवं असलेलं काहीतरी येतं. इथे राहून मुलांना वाटायला लागतं की आईबाबांना, आजीला काही येत नाही. उच्चार वेगळे, शाळेतल्या पद्धती माहीत नाहीत, विनोद कळत नाहीत. आजीला कलर कळतो, इडलीपात्र कळतं, हे त्यांना दिसायला जागाच कुठे असते? या गेमनी ती जागा दिली, आणि यातल्या एकातही मराठीचा एक शब्द नाही.

देस्पेलोते, २९ गुण, नवऱ्याचे दहा. मे २०२५ मध्ये आलेला. इक्वेडोरमधलं किटो शहर, साल २००१, आठ वर्षांचा मुलगा आणि पायात बॉल. देशाचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच वर्ल्डकपला जाण्याच्या बेतात आहे आणि रस्त्यावर, दुकानात, बागेत सगळीकडे तेच चाललंय. आपण फक्त हिंडायचं, बॉल मारायचा, लोकांची बोलणी ऐकायची. स्पॅनिश बोलणं, पडद्यावर इंग्रजी अक्षरं. ७ नोव्हेंबरला उरुग्वेशी १-१ अशी बरोबरी झाली आणि इक्वेडोर पात्र ठरला. १९९९ मध्ये तिथल्या बँका कोसळल्यावर हजारो लोक स्पेनला गेले होते, हे डोक्यात ठेवून तो आनंद बघितला तर वेगळा दिसतो.

मुलगा म्हणाला, “यात जिंकायचं कसं?” आणि पाच दिले. नवरा एरवी गेम चालू असताना फोनमध्ये असतो. या वेळी तो सलग दोन तास बोलत होता. त्याच २००१ च्या मार्चमध्ये ईडन गार्डन्सवर लक्ष्मणच्या २८१, त्याचे बारावीचे पेपर चालू, आणि सोलापुरात टीव्हीच्या दुकानाबाहेर दप्तर पाठीला लावून उभा असलेला हा. हे मला लग्नाला सोळा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मुलांनी विचारलं, “मग पेपर कसा गेला?” तो विषय त्याने बदलला.

सुट्टी लागतेय म्हणून थोडं कामाचं. व्हेन्बा आणि देस्पेलोते एकेका संध्याकाळचे आहेत. सेनारला बरेच दिवस लागतात, आणि शेजारी खरी कागदाची वही घेऊन बसलात तर जास्त मजा येते. बॅलॅट्रो फोनवरही मिळतो. सासूबाईंच्या फोनवर तो गेलाच आहे, जानेवारीत त्यांच्याबरोबर सांगलीला जाईल.

आणि एक मदत हवी आहे. फेब्रुवारीत माझे बाबा येतायत. ते पत्त्यांना हात लावत नाहीत, स्वयंपाकघरात चहापुरतेच. पण चौतीस वर्षं रेल्वेत काढली आहेत आणि मनमाड ते भुसावळ सगळी स्टेशनं अजून ओळीने म्हणून दाखवतात. रेल्वेचा एखादा चांगला गेम माहीत असेल तर खाली सांगा. दोघांनी मिळून खेळता आला पाहिजे.