उमेदवारी कोणाच्या जिवावर?

'उमेदवारी' हा मराठीतला एक चांगला शब्द निवडणुकांनी पळवून नेला. एके काळी तो वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात आणि वैद्याच्या ओसरीवर वापरला जाई. शिकण्यासाठी कोणा जाणत्याच्या हाताखाली राबणे, हा त्याचा अर्थ. त्यातला 'हाताखाली' हा भाग सर्वांत महत्त्वाचा. मानसशास्त्रात एम. ए. करणारे विद्यार्थी समुपदेशक होण्यासाठी हल्ली 'इंटर्नशिप' करतात. तिला उमेदवारी म्हणावे का, असा प्रश्न आम्हांला पडला आहे. आणि तो आम्ही पुण्या-मुंबईच्या नव्हे, तर भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात विचारू इच्छितो. मोठ्या शहरात शिकाऊ माणसाची चूक सावरायला दुसरे कोणी सापडण्याची शक्यता असते. लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातल्या गावात ती फारशी नसते.

भंडारा हा वैनगंगेच्या काठचा, सात तालुक्यांचा, २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख वस्तीचा जिल्हा. धान, मालगुजारी तलाव आणि तुमसरकडची मँगनीजची खाण ही त्याची ओळख. या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली दुःखेही ठाऊक असावीत. गोसीखुर्द धरणाने पवनी परिसरातली गावे उठवली. ९ जानेवारी २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके गेली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी मदतीची रक्कम जाहीर होते आणि चौकशी समिती नेमली जाते. ते आवश्यकच आहे. परंतु दोन वर्षांनी, सगळे पांगल्यावर, त्या घरातली बाई रात्री जागी असते तेव्हा तिने कोणाकडे जावे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा पातळीवरची योजना १९९६ची, आणि रुग्णाला उपचाराचा हक्क देणारा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा. कागदावर काही कमी नाही. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सांगितले की बहुतेक मानसिक विकारांत उपचारांवाचून राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत शेजारचे मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या दुःखाची मोजणीही आपण शेजाऱ्याच्या आकड्यावरून करायची!

ही पोकळी विद्यार्थ्यांनी भरावी, हा विचार त्यामुळे सहज सुचतो. मुले उत्साही असतात, खर्च जवळजवळ शून्य, आणि अहवालात छायाचित्रे छान येतात. आमचा आक्षेप इथेच आहे. रिकाम्या पदांवर शिकाऊ मुले बसवणे हे शिक्षणही नव्हे आणि सेवाही नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की पदवीचे एवढे अवडंबर कशाला? गोव्यात 'संगत' संस्थेने तर पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांनाच समुपदेशनाचे शिक्षण दिले. हे खरे आहे. २०१०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'मानस' प्रयोगाने दाखवले, की सरकारी आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकांचा रुग्णांना खरोखर उपयोग झाला. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पण या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. साध्या कार्यकर्त्याच्या मागे जाणते माणूस उभे होते, त्याच्या कामावर नजर होती, आणि अवघड प्रसंगी रुग्णाला पुढे नेण्याची वाट आखलेली होती. यश पदवीच्या अभावाचे नव्हते, पाठबळाचे होते. नेमके तेच वगळून आम्ही फक्त 'साधा माणूसही करू शकतो' एवढेच वाक्य उचलले, तर तो स्वतःला फसवण्याचा प्रकार होईल.

अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त समुपदेशन अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला १०० तासांचा सराव आणि ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते. त्यातले किमान २८० तास प्रत्यक्ष माणसांसमोरचे असतात, आणि दर आठवड्याला मार्गदर्शकापुढे बसून 'मी काय केले, काय चुकले' हे मांडावे लागते. आमच्याकडे २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांना निदान व्यावसायिकांच्या यादीत आणले. यादीत नाव येणे ही सुरुवात झाली. हात धरून शिकवणारे माणूस कायद्याने निर्माण होत नाही.

दुसरी अडचण भाषेची. विद्यार्थी इंग्रजी पुस्तकांतून शिकतो आणि भाषांतरित प्रश्नावली घेऊन गावात जातो. समोरची बाई 'नैराश्य' हा शब्द उच्चारत नाही. तिचे डोके जड होते, छातीत धडधडते, कामात मन लागत नाही. कधी तिच्या मते कोणी तरी काही 'केलेले' असते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. आम्ही साहित्यातली माणसे त्याकडे बोलीचा अभिमान म्हणून पाहतो. खरे तर तो अभ्यास समुपदेशनाच्या वर्गातही असायला हवा. दंडार पाहून ज्या गावाला हसू आणि रडू येते, त्या गावाचे दुःख प्रमाण मराठीच्या चौकटीत खूण करून कळणार नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत जास्त बोचते. इंटर्नशिप महिन्या-दीड महिन्याची असते. माणूस पहिल्या भेटीत पाहुण्याशी बोलावे तसे बोलतो. मनातले बाहेर यायला चार-सहा भेटी लागतात, आणि तोवर विद्यार्थ्याची परीक्षा आलेली असते. पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी, नवी वही आणि पहिल्यापासून तीच कहाणी. जखम उघडून निघून जाणे हे जखमेकडे न पाहण्यापेक्षा वाईट असू शकते. विद्यार्थ्यालाही त्याचा त्रास होतो. एकट्याने ऐकलेले तोही रात्री घेऊन झोपतो.

एक आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. धानाचे चुकारे वेळेवर मिळाले तर निम्मी झोप आपोआप येईल, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. २००६ साली मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत जे घडले, त्याचे उत्तरही समुपदेशनात नव्हते; ते न्यायालयाने आणि समाजाने द्यायचे होते. अन्यायाला 'ताण' म्हणून बोळवण करणारा समुपदेशक आम्हांला नको. पण चुकारे मिळण्याची वाट पाहतानाही माणसाला जगावे लागते, आणि त्या मधल्या काळासाठी कोणी तरी हवे असते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. विद्यार्थी गावात जावेत, जरूर जावेत. पण रोवणीपासून मळणीपर्यंतचा निदान एक हंगाम राहावेत. त्यांना विद्यावेतन मिळावे, म्हणजे केवळ ऐपतीची मुलेच हे काम शिकणार नाहीत. जाणाऱ्याने येणाऱ्याची माणसाशी ओळख करून द्यावी, आणि तीही त्या माणसाची परवानगी घेऊन. कारण गुप्तता हा २०१७च्या कायद्याने दिलेला हक्क आहे आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीवर तो सहज मोडतो. आणि विद्यापीठांनी इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याच्या नावाखाली मार्गदर्शकाचे नाव व त्याने प्रत्यक्ष दिलेले तास छापावेत. ती जागा रिकामी राहणार असेल, तर त्या विद्यार्थ्याला गावात पाठवू नये.