पोर्ट आणि हेड ऑफिस

पोर्ट वाइन पोर्टोची, असं यापुढे जो कोणी म्हणेल त्याच्याशी मी भांडणार आहे. मग तो माझा सख्खा मेहुणा का असेना! खरं तर तोच आहे.

त्याच्याच आग्रहावरून आम्ही उभयता पोर्तुगालला गेलो. शहर देखणं, त्यात वादच नाही. सान बेंतो स्टेशनात निळ्या टाइल्सवरची चित्रं बघता बघता हिनं आमची गाडी चुकवली. नदीच्या उतारावर रिबेइराची रंगीत घरं लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी दाटीनं बसलेली. मी म्हटलं, "आता पोर्ट जिथं मुरते ते दाखव." मेहुण्यानं बोट केलं ते थेट नदीपलीकडे!

१८८६ सालचा लोखंडी पूल ओलांडला. पलीकडे विला नोवा द गाया. शहर वेगळं, नगरपालिका वेगळी. वखारी तिथं, पिंपं तिथं. १९२६ पासून १९८६ पर्यंत तर निर्यातीची पोर्ट गायातूनच जायला हवी, असा कायदा होता. बरं, द्राक्षं तरी गायाची? छे! ती दोउरोच्या खोऱ्यात, शंभरेक किलोमीटर आत. तिथल्या माणसांनी खडक फोडून डोंगराला पायऱ्या पाडल्या, पाठीवर टोपल्या वाहिल्या, रस आंबत असतानाच त्यात ब्रँडी ओतून गोडी राखली आणि खळाळत्या नदीतून शिडाच्या बोटींवर पिंपं खाली आणली. १७५६ साली सरकारनं हद्द आखली तीही त्या खोऱ्याचीच. मग पोर्टोनं काय केलं? नाव दिलं!

(आपल्याकडे 'पोर्ट' म्हणून जी गोव्यात मिळते, तिनं तर पोर्तुगाल पाहिलेलाही नाही. पण तो खटला वेगळा.)

"अहो भावोजी, माल या बंदराच्या नावानं जगात गेला. लोकांना बंदराचंच नाव कळणार ना!"

झालं! हेच वाक्य मी वीस वर्षं बँकेत ऐकतोय. ठेवींचं उद्दिष्ट आमच्या तालुक्याच्या शाखेनं पुरं केलं. आमचा शिपाई भर उन्हात खातेदारांच्या ओट्यावर बसून राहिला, दोनदा चक्कर येऊन पडला. ढाल कुठं आहे? हेड ऑफिसच्या काचेच्या कपाटात! का, तर पत्रव्यवहार तिथून होतो.

वखारीत बाटली हातात आली तशी मी ती उलटसुलट करून पाहिली. कंपनीचं नाव होतं, टोपलीवाल्याचं नव्हतं. पहिला पेला मी सरळ खोऱ्याच्या नावानं घेतला.

"आणि हा दुसरा?" हिनं डोळे वटारले.

"शिपायाचा."