पैलतीर गाठायचा कुठून?

वाळवंटात नदी दिसली की जीव सुखावतो. पण अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कोलोरॅडो नदीची तऱ्हाच निराळी! खोल घळीच्या कड्यावरून पाणी दिसते. मात्र तेथवर उतरता येत नाही. समोरचा काठ नजरेच्या टप्प्यात असतो, पण गाठता येत नाही. शेकडो मैलांच्या घळीत दोन्ही काठांनी गाडी पाण्यापर्यंत नेता येईल अशी मोक्याची जागा म्हणजे लीज फेरी. येथे पारिया नदी कोलोरॅडोला मिळते आणि ठिसूळ खडक झिजल्यामुळे काठ उतरते झाले आहेत.

१७७६ मध्ये डोमिंगेझ व एस्कलांते या स्पॅनिश धर्मगुरूंची तुकडी येथे अडकली. पोहून गेलेले दोघे कसेबसे परतले, तेही कपडे गमावून! बरेच दिवस भटकल्यावर वरच्या अंगाला त्यांना उतार सापडला. आज तो लेक पॉवेल जलाशयाखाली बुडाला आहे.

पुढे १८७०च्या दशकात जॉन डी. ली याने येथे तराफा सुरू केला. १८५७ च्या एका हत्याकांडाबद्दल त्याला १८७४ मध्ये अटक झाली आणि १८७७ मध्ये मृत्युदंड. त्या ओसाड जागी तराफ्याचा कारभार सांभाळला तो त्याची पत्नी एमा हिने! सेंट जॉर्जच्या मंदिरात विवाहविधीसाठी जाणारी मॉर्मन जोडपी येथूनच नदी पार करीत. त्या वाटेला नावच पडले 'हनिमून ट्रेल'.

जून १९२८ मध्ये तराफा उलटून तिघे बुडाले. काही मैलांवर नवा पूल उभा राहत होता, त्यामुळे तराफा पुन्हा सुरू झाला नाही. पूल खुला होईपर्यंत प्रवाशांना शेकडो मैलांचा वळसा पडला. जानेवारी १९२९ मध्ये नदीपासून ४६७ फूट उंचीवरचा नावाहो पूल वाहतुकीस खुला झाला आणि जिवावरचे ते ओलांडणे काही मिनिटांचे झाले.

वाहने वाढली, तसा हा पूल अरुंद पडू लागला. १९९५ मध्ये शेजारी रुंद पूल झाला; जुना मात्र न पाडता पायी फिरणाऱ्यांसाठी राखला. त्यावरून कॅलिफोर्निया कोंडोर हे प्रचंड गिधाड घिरट्या घालताना दिसते. १९८२ मध्ये जगात ही गिधाडे अवघी २२ उरली होती!

जवळच पेज गावाबाहेर हॉर्सशू बेंड आहे. नदीचे नालाकृती वळण तेथे सुमारे हजार फूट खाली दिसते. कठडा कड्याच्या थोड्याच भागाला आहे, तेव्हा मुलांचा हात सोडू नये. उन्हाळ्यात सकाळीच जावे, टोपी व भरपूर पाणी जवळ ठेवावे. खाली एवढी नदी वाहत असली, तरी वर तिचा घोटभरही उपयोग नाही!