न घडलेला प्रलय

आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ हा २००२ सालचा अल्प खर्चाचा अनुबोधपट. मे १९९८ मधील पोखरणच्या अणुस्फोटांपासून तो आपणांस पाकिस्तान, जपान व अमेरिकेपर्यंत नेतो. वडोदऱ्यात देवळाच्या ओसरीवर त्याचा विषय निघाला, की आक्षेप ठरलेला: जे अणुयुद्ध झालेच नाही, त्याचे भय कशाला दाखवावे? हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही. आणि तो देवळात बसून घेतला जावा, याचे तर नवल वाटते.

१९६२ साल आठवावे. ३ ते ५ फेब्रुवारीस मकर राशीत अष्टग्रही झाली. जगबुडीच्या धास्तीने देशभर होमहवने झाली, मणांनी तूप अग्नीत पडले. काही घडले नाही. त्या युतीत काही घडविण्याचे सामर्थ्यच नव्हते. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला क्यूबाजवळच्या समुद्रात एका रशियन पाणबुडीचा कप्तान अण्वस्त्र सोडण्यास सिद्ध झाला होता. वसिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने संमती नाकारली, म्हणून अनर्थ टळला. त्या अरिष्टासाठी कोणी एक समिधा टाकल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जेथे कारण नव्हते तेथे आपण भ्यालो. जेथे होते तेथे निर्धास्त राहिलो.

अस्त्रे देशरक्षणार्थ आहेत, असे कोणी म्हणेल. रक्षणाची चिंता आम्हांसही आहे. परंतु अस्त्र बाळगणे निराळे आणि त्याचे पेढे वाटणे निराळे. अर्जुनाने सोडलेले ब्रह्मास्त्र आवरले, म्हणून तो थोर. अश्वत्थाम्यास ते आवरता आले नाही, म्हणून तो भाळीची जखम घेऊन भटकतो. ही कथा कीर्तनात ऐकून आपण माना डोलावतो, ती कशासाठी?

आमच्या शहरास तर हा विषय परका नाही. येथील जडपाण्याचा कारखाना १९७७ साली सुरू झाला, आणि जडपाणी लागते ते अणुभट्टीस.

परीक्षण मंडळाने या चित्रपटास कात्री लावू पाहिली; २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो अखंड दाखविण्यास मुभा दिली. न्यायालयाने दार उघडले, ते आपण आपल्या हाताने का लावून घ्यावे? शांतिपाठ हा अरिष्ट येण्यापूर्वी म्हणावयाचा असतो. आमच्या देवस्थानांनी एका संध्याकाळी आरतीनंतर हा चित्रपट सभामंडपात लावावा. न घडलेला प्रलय न घडलेलाच राहावा, एवढीच त्यामागची प्रार्थना.