परेरांची बाजू

17 जुलै 1994 रोजी पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर ब्राझीलने चौथा विश्वचषक जिंकला. आधीचा 1970 सालचा, म्हणजे मध्ये 24 वर्षं कोरडी गेलेली. एवढ्या प्रतीक्षेनंतर कप घरी आणणाऱ्या प्रशिक्षकाला देशाने डोक्यावर घेतलं असेल, असं कुणालाही वाटेल. कार्लोस आल्बर्टो परेरा यांच्या वाट्याला ते सुख फार थोडं आलं. त्यांचा संघ कंटाळवाणा होता, बचावात्मक होता, ब्राझीलचा म्हणावा असा नव्हताच, हा ठपका तेव्हा बसला आणि आजही निघालेला नाही. आपल्याकडे कोल्हापुरात आणि गोव्यात पिवळ्या जर्सीवर जीव टाकणारी जी माणसं आहेत, त्यांच्या बोलण्यातही 1982 चा हरलेला संघ देव्हाऱ्यात असतो आणि 1994 चा जिंकलेला संघ केवळ मोजदादीत. हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी विरुद्ध बाजू नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. पात्रता फेरीत 25 जुलै 1993 रोजी ला पाझच्या उंचीवर बोलिव्हियाने ब्राझीलला 2-0 असं हरवलं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ब्राझील त्याआधी कधीच हरला नव्हता. घरच्या मैदानांवरही परेरांना हुर्यो सोसावी लागली. लोकांना हवे होते तेले सांताना. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो आणि एडर यांचा 1982 चा संघ तेलेंनी बांधला होता, आणि आता त्यांचा साओ पावलो क्लब तशाच खुल्या खेळाने दक्षिण अमेरिका गाजवत होता. त्यांच्यासमोर परेरा म्हणजे शारीरिक शिक्षण शिकून आलेला, स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधीच न खेळलेला माणूस. त्यांच्या संघात मधोमध उभा डुंगा, ज्याचं नाव वृत्तपत्रांनी 1990 च्या फसलेल्या संघाला शिवी म्हणून चिकटवलं होतं. शेजारी झिन्हो, ज्याला चेंडू घेऊन जागच्या जागी गिरक्या मारणारं फरशी घासायचं यंत्र म्हणून हिणवलं गेलं. घामाचे पैसे मोजून मैदानात आलेल्या माणसाला यात आनंद कुठे दिसणार? त्याचा राग खरा होता. पण त्या रागातून जी विधानं निघाली, ती एकेक करून तपासली तर टिकत नाहीत.

पहिलं विधान: हा खेळ ब्राझीलचा नव्हे. ब्राझीलचा खेळ म्हणजे मुक्त, उत्स्फूर्त, हिशेब न ठेवणारा. असं म्हणणाऱ्यांनी 1958 चा संघ पुन्हा पाहावा. पहिला विश्वचषक आणणाऱ्या त्या संघात गारिंचा होता, सतरा वर्षांचा पेले होता, आणि त्याच संघाने पहिल्या चार सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. ऑस्ट्रिया, इंग्लंड, सोव्हिएत संघ, वेल्स या चौघांनाही कोरं ठेवलं. यातला इंग्लंडचा सामना 0-0 सुटला, विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोलशून्य सामना तो. मागे चार जणांची बचावफळी लावण्याची रीत जगाला ठसवून दाखवली ती याच ब्राझीलने. आणि डाव्या बाजूचा विंगर मारिओ झगालो चेंडू गेला की मागे धावत येऊन मधली फळी भरून काढत असे. हाच झगालो 1994 मध्ये परेरांच्या शेजारी संघाचा समन्वयक म्हणून बसलेला होता.

1970 चं उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्या संघाचं नाव घेतलं की सगळ्यांना आठवतो तो अंतिम सामन्यातला कार्लोस आल्बर्टोचा चौथा गोल. तो गोल 86 व्या मिनिटाचा, मेक्सिकोच्या उंचीवर आणि उन्हात. इटलीविरुद्धच्या चार गोलांपैकी तीन 65 व्या मिनिटानंतर आले, कारण तोवर इटलीचे पाय जड झाले होते आणि ब्राझीलचे नव्हते. त्यामागे महिनोन्‌महिने केलेली शिस्तबद्ध शारीरिक तयारी होती, आणि ती करून घेणाऱ्या चमूत एक तरुण होता: कार्लोस आल्बर्टो परेरा. म्हणजे ज्या सुवर्णकाळाचा दाखला देऊन त्यांना परका ठरवलं गेलं, त्या काळाचा पाया घालणाऱ्यांत ते स्वतः होते. ब्राझीलची परंपरा निम्मीच सांगायची आणि उरलेली निम्मी जपणाऱ्याला घरभेदी म्हणायचं, हे मला मान्य नाही.

दुसरं विधान: परेरांचा संघ भित्रा होता. इथे जरा थांबायला हवं, कारण बचाव आणि भित्रेपणा यांची गल्लत इथेच होते. भित्रा संघ चेंडू प्रतिस्पर्ध्याला देऊन स्वतःच्या गोलसमोर गर्दी करतो. परेरांचा संघ चेंडू देतच नसे. युरोपातल्या टीव्हीच्या वेळा सांभाळण्यासाठी अमेरिकेत सामने भर दुपारी ठेवले होते. अंतिम सामना तर तिथल्या साडेबारा वाजता सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजला होता. त्या उन्हात नव्वद मिनिटं चेंडूमागे धावणारा संघ कोसळतो. परेरांनी ते धावणं समोरच्याच्या गळ्यात घातलं. डुंगा, मौरो सिल्वा, झिन्हो, माझिन्हो हे चौघं चेंडू आडवा फिरवत राहत, वाट दिसली नाही तर मागे देत, पुन्हा सुरुवात करत. जॉर्जिन्हो आणि लिओनार्डो हे दोन्ही फुलबॅक मात्र थेट पुढपर्यंत चढत. ते बिनधास्त चढू शकत, कारण मागे मौरो सिल्वा जागा धरून उभा असे.

सामने पाहा. 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, यजमानांविरुद्ध पूर्वार्धाच्या अखेरीस लिओनार्डोला कोपर मारल्याबद्दल रेड कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना दहा जणांनी, परक्या प्रेक्षकांसमोर काढायचा होता. भित्रा संघ तिथे शूटआउटची वाट पाहत बसला असता. ब्राझीलने दहा जणांनी चेंडू ताब्यात ठेवला आणि रोमारिओच्या पासवर बेबेटोने गोल केला. डलासमध्ये नेदरलँड्सविरुद्ध 2-0 अशी आघाडी घेतल्यावर बर्गकॅम्प आणि विंटर यांनी बरोबरी साधली. घाबरणारा संघ असता तर तो सामना तिथेच निसटला असता. 81 व्या मिनिटाला ब्रँकोने लांबून फ्री किक मारली आणि 3-2 केलं. उपांत्य फेरीत स्वीडनने दार लावून घेतलं, तर ब्राझील ऐंशी मिनिटं ते ठोठावत राहिला, आणि जॉर्जिन्होच्या क्रॉसवर उंचापुऱ्या बचावपटूंच्या मधून बुटक्या रोमारिओने हेडर मारला.

राहिला तो अंतिम सामना. 120 मिनिटं गोल नाही, मग पेनल्टी. तो सामना देखणा नव्हता, हे मी मान्य करतो. पण त्याचं खापर परेरांवर का? समोर आरिगो साक्कींचा इटली होता, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन-साडेतीन आठवड्यांत उतरलेला फ्रँको बारेसी आयुष्यातला एक उत्तम सामना खेळून गेला. गोल करायच्या खटपटीत जास्त होता तो ब्राझीलच. मौरो सिल्वाचा लांबचा फटका पाग्लिउकाच्या हातातून निसटून खांबावर आपटला, तेव्हा पाग्लिउकाने त्या खांबाचं चुंबन घेतलं. जादा वेळेत काफूच्या क्रॉसवर रोमारिओला अगदी समोरून संधी मिळाली आणि ती हुकली. यांपैकी एक जरी आत गेला असता, तर त्या दिवसाचं वर्णन आज वेगळ्या शब्दांत झालं असतं. चेंडू आणि खांब यांतल्या चार बोटांच्या अंतरावर प्रशिक्षकाचं धैर्य मोजता येत नाही.

कप एकट्या रोमारिओने जिंकला, असंही म्हणतात. सात सामन्यांत ब्राझीलचे 11 गोल. त्यांतले पाच रोमारिओचे, तीन बेबेटोचे. म्हणून आरोप पटकन पटतो. पण त्याच सात सामन्यांत संघाने खाल्ले फक्त तीन. रोमारिओने मागे धावायचं नाही, अंगातली ताकद त्या एका क्षणासाठी राखून ठेवायची, ही मुभा त्याला दिली कुणी? इतर आठ-नऊ जणांनी त्याच्या वाटचं धावून दिली, आणि ती वाटणी परेरांनी ठरवली.

आता सर्वांत अवघड आक्षेप. सुंदर खेळूनही जिंकता येतं, हे तेलेंच्या साओ पावलोने त्याच वर्षांत सिद्ध केलं होतं. टोकियोत 1992 मध्ये त्यांनी क्रॉइफच्या बार्सिलोनाला 2-1 आणि 1993 मध्ये मिलानला 3-2 असं हरवलं. मग परेरांना का जमू नये? याचं उत्तर तेलेंच्या मोठेपणाला धक्का न लावता देता येतं. क्लबच्या प्रशिक्षकाला तेच खेळाडू रोज सकाळी मैदानावर मिळतात, वर्षानुवर्षं. कोणाचा पाय कधी पुढे पडेल हे एकमेकांना न बघता कळायला तेवढा काळ लागतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला चार देशांतून आलेले, वेगवेगळ्या सवयींचे खेळाडू काही आठवड्यांसाठी मिळतात. एवढ्या वेळात नक्की काय शिकवता येतं? चेंडू गेल्यावर कोणी कुठे उभं राहायचं, हे शिकवता येतं. उत्स्फूर्त लय शिकवता येत नाही. खुद्द तेलेंच्या साओ पावलोचा प्राण असलेला राई 1994 मध्ये संघात होता, कर्णधार म्हणून. त्याचा सूर हरवला होता. गटसाखळीनंतर परेरांनी त्याला बसवलं आणि माझिन्होला घेतलं. चाहत्यांच्या लाडक्या, सर्जनशील कर्णधाराला विश्वचषकाच्या ऐन मध्यावर बाहेर काढायला जे काळीज लागतं, त्याला मी सावधपणा म्हणणार नाही.

आणि 1982? बार्सिलोनातल्या सारिया मैदानावर 5 जुलैला इटलीविरुद्ध बरोबरीसुद्धा पुरेशी होती. सेरेझोने स्वतःच्या बचावफळीपुढे एक ढिला आडवा पास दिला, पाओलो रॉसीने तो पळवला आणि दुसरा गोल मारला. फाल्काओने 2-2 केलं, तरी सामना 3-2 असा गेला. तो संघ मलाही अतिशय प्रिय आहे. पण त्याच्या पराभवाला नैतिक विजय म्हणायचं आणि 1994 च्या विजयाला नैतिक पराभव, हा न्याय उफराटा आहे. तेलेंच्या खेळाडूंचे त्या संध्याकाळचे अश्रू खरे होते; त्यांना तो सामना जिंकायचा होता.

इथवर खंडन झालं. माझं स्वतःचं म्हणणं असं, की हातात असलेल्या माणसांना आणि दिवसांना अनुरूप खेळ रचणं, हे प्रशिक्षकाचं पहिलं कर्तव्य आहे, आणि त्या रचनेत पाहण्यासारखं सौंदर्य असतं. मराठी माणसाला हे निराळं समजावून द्यायला नको. मुंबईच्या क्रिकेटला आपण कौतुकाने खडूस म्हणत आलो. विकेट फेकायची नाही, समोरच्या गोलंदाजाला दमवायचं, मग धावा आपोआप येतात, या वृत्तीच्या जोरावर मुंबईने सलग 15 वर्षं रणजी करंडक राखला. मैदानाच्या कडेला बसून त्या चिवटपणाला दाद देणारा प्रेक्षक मौरो सिल्वाच्या खेळाला दाद देऊ शकत नाही, हे मी मानत नाही. त्याने फक्त चेंडूवरची नजर उचलून त्याच्याकडे वळवायला हवी. प्रतिस्पर्धी पास देणार आहे ती जागा हा माणूस दोन सेकंद आधी बंद करतो. त्यामुळे पास जात नाही, हल्ला होत नाही, आणि काही घडलंच नाही असं वाटून लोक जांभई देतात. ते जे घडलं नाही, ते त्याने घडू दिलेलं नाही.

एका बाबतीत प्रेक्षकांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं, आणि तेही सांगायलाच हवं. डिसेंबर 1992 मध्ये जर्मनीविरुद्धच्या सामन्यात बाकावर बसवल्याबद्दल रोमारिओने जाहीर नाराजी दाखवली, आणि त्यानंतर तो संघातून गायब झाला. लोक त्याच्या नावाचा घोष करत राहिले. पात्रता फेरीचा शेवटचा सामना उरुग्वेविरुद्ध मारकानावर होता, 19 सप्टेंबर 1993 ला, आणि तोवर ब्राझीलची जागा पक्की झालेली नव्हती. म्युलर जखमी झाला, परेरांनी रोमारिओला बोलावलं, आणि त्याने दोन्ही गोल मारून 2-0 असा सामना जिंकून दिला. कोण खेळावा, हे कधी कधी गॅलरीला बाकापेक्षा आधी कळतं. परेरांनी ते ऐकलं आणि पुढे त्याच माणसाभोवती संघ उभा केला. मात्र संघाचा सांगाडा बदलला नाही.

तो त्यांनी बदलला बारा वर्षांनी. 2006 च्या विश्वचषकाला परेरा पुन्हा ब्राझीलचे प्रशिक्षक होते. या वेळी देशाला रोनाल्डो, रोनाल्डिन्हो, काका आणि आद्रिआनो हे चौघं एकत्र खेळताना पाहायचे होते, आणि परेरांनी ते दाखवले. स्पर्धेआधीचं स्वित्झर्लंडमधलं सराव शिबिर प्रेक्षकांच्या गर्दीत जत्रेसारखं भरलं. खरा बलाढ्य प्रतिस्पर्धी समोर आला तो उपांत्यपूर्व फेरीत, फ्रँकफुर्टमध्ये, फ्रान्स. तेव्हा आद्रिआनोला बसवून जुनिन्होला घ्यावं लागलं, म्हणजे मधली फळी ऐन परीक्षेत पहिल्यांदा नीट मांडली गेली. झिदानला रोखायला कुणी नव्हतं. त्याच्या फ्री किकवर दूरच्या खांबापाशी थिएरी ऑन्री एकटाच मोकळा उभा राहिला आणि त्याने गोल केला. 0-1. मग टीका सुरू झाली ती अगदी उलट दिशेने: शिस्त नाही, झुंज नाही, कोणी धावत नाही. महिना संपायच्या आत ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने नवा प्रशिक्षक नेमला. त्याला प्रशिक्षणाचा काहीही अनुभव नव्हता, तरी त्याचीच निवड झाली. तो डुंगा होता. 2007 च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या संघाने अर्जेंटिनाला 3-0 असं हरवलं. पुढच्याच वर्षी बेलो होरिझोन्तेत त्याच अर्जेंटिनाशी गोलशून्य बरोबरी झाली, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो उडवली आणि टाळ्या वाजवल्या त्या मेस्सीसाठी.